शोभेचं दार

दाराला हात लावला आणि मग कळलं की हे दार नाही. म्हणजे दिसायला दारच. चौकट आहे, हँडल आहे, खाली दगडी उंबरा आहे, उंबऱ्यापर्यंत दोन पायऱ्या आहेत, वर छोटा गोल दिवा आहे. फक्त मागे भिंत आहे. गाडी गॅरेजला दिली होती म्हणून मी त्या दिवशी बसने आले. स्टॉपवर उतरले, डोक्यात क्लिनिकमधल्या शेवटच्या पेशंटची किटकिट चालूच होती, आणि पाय आपले आपण वळले, पायऱ्या चढले, हाताने हँडल धरून खाली दाबलं. ते कशाला हलतंय! कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. पाहायला होतं कोण तिथे? त्या फुटपाथवरून माणूस गेलाच तर भरभर जातो, थांबत नाही. 'वा बाईसाहेब, पन्नाशी उलटली की हेच चालायचं आता,' असं स्वतःलाच म्हटलं, हसत खाली उतरायला वळले, आणि तेव्हा ते दिसलं. भिंतीला अशी दारं ओळीने आहेत. सगळ्यांची हँडलं काळी, कोरी, वर धुळीचा थर. या एकावर धूळ नव्हती. मुठीत येतो तेवढ्या भागातला काळा रंग उडून आतला पिवळा धातू वर आला होता, गुळगुळीत, पुष्कळ वापरल्यासारखा. म्हणजे हे कोणीतरी दाबत होतं. एकदा चुकून नव्हे, रोज. ते कोण, हे मला घरी पोहोचेपर्यंत सुचलं नाही.

घरी पोहोचणं हे आता एक प्रकरणच आहे. ज्या रस्त्यावर ही दारं आहेत, त्या रस्त्याने बिल्डिंगमध्ये शिरता येत नाही. कोपऱ्यापर्यंत जायचं, गल्लीत वळायचं, भिंतीच्या कडेने गल्ली संपेपर्यंत चालायचं, पुन्हा वळायचं, मग मागच्या रस्त्यावर गेट. गेटवर कार्ड, लॉबीत कार्ड, एक लिफ्ट बागेपर्यंत. बाग म्हणजे पार्किंगच्या डोक्यावर माती टाकून उगवलेलं गवत आणि चार बाकं. ती ओलांडली की दुसरी लिफ्ट, ती घरापर्यंत. बाहेर पडायला मात्र कार्ड लागत नाही, नुसतं बटण दाबलं की दार उघडतं. आणि गंमत अशी की आमचं जुनं घर याच जागेवर होतं. तळमजल्याला पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि दार सरळ रस्त्यावर. दार उघडलं की पायरी, पायरी उतरलं की रस्ता, झालं. अप्पा, म्हणजे माझे वडील, दारातच स्टूल टाकून शिलाई मशीन दुरुस्त करायचे, आणि येणारा-जाणारा त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून गेल्यासारखा जवळून जायचा. कुणाची छत्री मोडली, कुणाचं पोर हरवलं, कुणाचं कुणाशी जुळलं, सगळं त्या दारातून आत यायचं. आई चिडायची, म्हणायची, "हे घर आहे की बसस्टॉप?" अप्पा म्हणायचे, "आपल्याला काय, फुकटात बातम्या." आई गेली, मशीन दुरुस्तीला कोणी येईना, घर पाडायचं ठरलं, तेव्हा धाकटा, म्हणजे माझा भाऊ, फोनवर म्हणाला, "ताई, दुसरीकडे घे ना छानसं." मी ऐकलं नाही. म्हटलं, या वयात अप्पांना परक्या रस्त्यावर नेऊन टाकायचं नाही. जागा तीच राहू दे. फक्त उंच होईल.

दार वाजवणं अप्पांना खपायचं नाही. "आग लागली असेल तर बडवा," म्हणायचे, "एरवी आतल्या माणसाला कान असतात." आमच्याकडे यायचं म्हणजे पायरीवर उभं राहायचं आणि खाकरायचं. एकदाच. मग गप उभं राहायचं. गिऱ्हाइकांनासुद्धा सवय लागली होती, मशीन डोक्यावर घेतलेला माणूससुद्धा बिचारा घामाघूम होऊन खाकरायचा. कोण आलंय ते आम्हाला न बघता कळायचं. धाकट्याचं खाकरणं खोटं खोटं, नाटकातल्या राजासारखं. आईचं नुसतं श्वासासारखं. अप्पांचं आधी एक कोरडं, मग जरा थांबून दुसरं खोल, आणि शेवटी एक "हं", जणू काही हिशेब जुळला. अंधार पडायच्या वेळी ते बाहेरून आले की माझं काम ठरलेलं. आधी दारावरचा दिवा लावायचा, मग "आले हं, थांबा तिथेच" म्हणायचं, मग कडी काढायची. दिवा आधी का? तर बाहेरच्याला कळलं पाहिजे की आपलं ऐकलंय कोणीतरी. तो अप्पांचा नियम होता. कडी जड होती, माझा हात पोहोचायचा नाही, वेळ लागायचा, आणि बाहेर अप्पा शांत उभे असायचे. कधी म्हणून त्यांनी घाई केली नाही.

मी कान तपासते. म्हणजे क्लिनिकमध्ये एक जाड दाराची पेटीसारखी खोली आहे, तिच्यात माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "अगदी बारीक का होईना, ऐकू आलं की दाबा." मी काचेच्या अलीकडे बसून आवाज सोडते. लोकांना वाटतं बहिरी माणसं बटण दाबत नाहीत. अहो, उलट असतं! मी काहीच सोडलेलं नसतं, मुद्दाम थांबलेली असते, आणि पलीकडचा माणूस डोळे मिटून टकाटक बटण दाबतो. खोटं बोलत नसतात ते. कान इतका ताणून बसतात की त्यांना खरंच ऐकू येतं. ज्याला फार हवं असतं त्याला तर फार ऐकू येतं. त्या दिवशीचा शेवटचा पेशंट असाच, एक निवृत्त मास्तर, पूर्ण शांततेत बटण दाबत बसला आणि नंतर माझ्याशीच भांडला. "तुम्ही सोडत होतात हो, मी ऐकलं ना," म्हणाला. मी त्याला चांगलंच सुनावलं. आणि मग बसमधून उतरून मीच जाऊन भिंतीचं हँडल दाबलं.

अप्पा विसरायला लागले त्याला आता बराच काळ झाला. आधी वस्तू गेल्या, मग रस्ते, मग माणसं. व्हिडिओ कॉलवर धाकट्याकडे बघून म्हणाले, "साहेबांना चहा दे." धाकटा पोट धरून हसला आणि मग फोन बंद न करताच बाजूला ठेवून दिला, मला त्याच्या घराचं छत दिसत राहिलं. दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींना ते कधी गिऱ्हाईक समजतात, कधी नर्स, कधी आईची कोणी लांबची बहीण. पण मला विसरले नाहीत. मी एकटी उरले आहे त्यांच्या डोक्यात, आणि खरं सांगू, याचा मला गर्व आहे. असावाच. लग्न, संसार वगैरे मी केला नाही, तो विषय इथे नको, पण एवढं एक माझ्या पदरात आहे. फक्त एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही. मला बघून ते ओळखत नाहीत. ऐकून ओळखतात. मी नुसतीच समोर जाऊन उभी राहिले तर त्यांच्या चेहऱ्यावर आधी ते हसू येतं, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचं, सभ्य, कोणाचंही. मग मी बोलते आणि ते हसू निघून जातं, आणि ते माझ्याकडे बघतात. मधे जे क्षणभर असतं ते वाढत चाललंय. म्हणून मी घरात शिरायच्या आधीच बाहेरून ओरडते, "अप्पा, मी आले!" आधी आवाज पाठवते, मग चेहरा नेते. ज्या दिवशी आवाज पोहोचूनही ते हसू तसंच राहील, त्या दिवशी मी काय करायचं ते मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. त्याचीच मला भीती वाटते, रोज, गाडी लावून वर जाताना.

त्या संध्याकाळी मी मावशींना बाजूला घेतलं. "फिरायला नेता तेव्हा अप्पा कुठे कुठे जातात?" त्या म्हणाल्या, "गेटातून बाहेर, भिंतीला वळसा, पुढच्या रस्त्याने सरळ आणि परत. दुसरं काय आहे इथे बघायला?" मी म्हटलं, "मधे कुठे थांबतात?" "थांबतात की. त्या एका दाराशी थांबतात रोज. पायऱ्या चढतात, हँडल धरतात, खोकतात, उभे राहतात." मी म्हटलं, "आणि तुम्ही मला हे सांगितलं नाही?" मावशी गोंधळल्या. "त्यात काय सांगायचं ताई? दम खातं म्हातारं माणूस. जरा वेळाने मी म्हणते, चला काका, घरात कोणी नाहीय, की येतात मुकाट्याने." घरात कोणी नाहीय! मावशींचा काही दोष नव्हता, पण मला इतका संताप आला की मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. म्हणजे माझा बाप रोज आपल्या घराच्या दाराशी जात होता आणि रोज त्याला सांगितलं जात होतं की घरात कोणी नाही. आणि दार बरोबर तिथेच होतं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघितलं. पलीकडची घरं अजून पाडलेली नाहीत, औषधांचं दुकान आहे, त्याच्या बरोबर समोर आमची पायरी असायची. आता त्याच्या बरोबर समोर ते उडालेल्या रंगाचं हँडल होतं. इतकी लांबलचक भिंत, तिच्यात कुठेही दारं काढता आली असती.

ती दारं का आहेत ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. घरं पाडायच्या आधी आम्हा सगळ्यांना बोलावून मॉडेल दाखवलं होतं. पांढऱ्या पुठ्ठ्याची बिल्डिंग, कापसाची झाडं, आणि रस्त्यावर नखाएवढी पांढरी माणसं. आर्किटेक्ट गोड बोलणारा होता, मऊ शर्ट, मऊ आवाज. म्हणाला, इमारतीने रस्त्याकडे पाठ फिरवू नये, तळमजल्याने चालणाऱ्या माणसाशी बोललं पाहिजे. मला आवडलं ते, मी मान डोलावली. मग औषधवाल्याने विचारलं, "पण खाली तर सगळं पार्किंग दिसतंय. बोलणार कोण?" तर आर्किटेक्ट हसला. म्हणाला, नियमच आहे, रस्त्याच्या बाजूला सलग कोरी भिंत चालत नाही, म्हणून आपण तिथे दारांची मालिका घेतोय. उघडतील का? नाही, उघडणार नाहीत, आत गाड्या असतील ना. पण चालणाऱ्याला तसं वाटणार नाही. त्याला वाटेल इथे माणसं राहतात. पुठ्ठ्याच्या एका दारासमोर त्याने एक नखाएवढं माणूस उभं केलं होतं, दाराकडे तोंड करून. सगळे बाल्कनीचं विचारत होते, मी त्या माणसाकडे बघत होते. ते आत चाललंय असं दाखवायचं होतं त्याला. मला ते ताटकळल्यासारखं वाटलं, आणि मी काही बोलले नाही, कारण तेव्हा तो पुठ्ठा होता.

चालणाऱ्याला काय वाटतं ते मी सांगते. चालणाऱ्याला भीती वाटते. आधी त्या फुटपाथवर पायऱ्यांवर बसलेली माणसं असायची, खिडकीतून रेडिओ, कुणाचं भांडण, फोडणीचा वास, आणि त्यांच्या मधून तुम्ही जायचात. कोणी तुमच्याकडे बघायचं, कधी नको तितकं बघायचं, तरुणपणी मला त्याचा वैताग होता. आता भिंतीवर ओळीने बंद दारं आहेत आणि एकाही दारामागे कोणी नाही. नुसती भिंत असती तर माणूस भिंतीशेजारून गेला असता, काही वाटलं नसतं. पण दार दिसलं की आपल्याला आत कोणीतरी आहे असं वाटतंच. इतक्या दारांमागे इतके जण आहेत आणि कोणी म्हणजे कोणी उघडत नाहीय, असं ते चालणं असतं. अंधार पडायला लागला की सगळ्या दारांवरचे गोल दिवे एकदम लागतात, आपोआप, कुणी न लावता. तेव्हा तर मी रस्ता ओलांडून पलीकडूनच जाते. मी एकटी नाही, सगळेच जातात. औषधवाला म्हणाला, गिऱ्हाईक वाढलंय त्याचं.

मॅनेजरकडे गेले. म्हटलं, ते एक हँडल तरी काढा. तो म्हणाला, "मॅडम, एलिव्हेशनला, म्हणजे दर्शनी बाजूला, हात लावता येत नाही. एकाचं काढलं तर सगळी मालिका बिघडते." मी म्हटलं, "माझे वडील तिथे उभे राहतात." तो म्हणाला, "राहू द्या ना, आपलीच बिल्डिंग आहे." वर मलाच विचारतो, "बसायला बाक ठेवायचा का?" मी त्याच्या टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली आणि निघून आले. गेटवर वॉचमन, त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो बोलायच्या ऐवजी शिट्टीच वाजवतो. त्याला बजावलं की अप्पा एकटे दिसले तर सोडायचं नाही. त्याने मान हलवली. मावशींना सांगितलं, त्या रस्त्याने न्यायचंच नाही, बागेतच फिरवा. त्या म्हणाल्या, "ऐकत नाहीत हो. बागेत नेलं की म्हणतात, हे कुणाच्या गच्चीवर आणलंत मला? घरी सोडा." ते आता दिवसातून किती वेळा तरी घरी सोडा म्हणायला लागले होते. घरात बसून.

आमच्या गाडीची जागा कुठे आहे ते ऐका. जुन्या तळमजल्यावाल्यांना पार्किंगही तळमजल्यालाच दिलं, चिठ्ठ्या टाकून, आणि मला नेमकी रस्त्याकडच्या भिंतीलगतची मिळाली. खांब मोजत, लांबी-रुंदी डोक्यात बसवत मी एकदा ताडून पाहिलं होतं, आणि मग पुन्हा त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. जिथे अप्पांचं स्टूल असायचं तिथे माझ्या गाडीचं नाक येतं. समोर भिंत, प्लास्टर न केलेली, आणि वरच्या बाजूला हवा यावी म्हणून जाळीचा एक आडवा झरोका. बाहेरून तीच जाळी दाराच्या चौकटीवर बसवलेली दिसते. त्यातून रस्त्याचा आवाज येतो, मध्येच मोठा, मध्येच अगदी कानाशी. गाडी लावली की मी लगेच वर जात नाही. इंजिन बंद करते आणि बसते. मघाशी सांगितली ती भीती जरा खाली बसू देते. वर गेल्यावर काय होईल, आवाज पोहोचेल की नाही. तेवढा वेळ माझा असतो, त्यात कोणी येत नाही, खाली फोनला रेंजसुद्धा नाही.

त्या दिवशीही तशीच बसले होते. संध्याकाळ होती, पण उजेड होता अजून, झरोक्यातून येऊन बोनेटवर जाळीची सावली पडली होती. मावशींचा दुपारीच मेसेज आला होता, घरून बोलावणं आलंय, काका झोपलेत, तुम्ही येईपर्यंत उठायचे नाहीत, निघू ना? मी 'निघा' म्हटलं होतं. डोळे मिटून बसले. आणि कोणीतरी खाकरलं. कोरडं, एकदा. मी डोळे उघडले नाहीत. माझं मलाच हसू आलं. या जागेवर बसून हे ऐकू येणारच. रोज हेच बघते मी, काहीही सोडलेलं नसताना माणसं बटण दाबतात. ज्याला फार हवं असतं त्याला ऐकू येतं. मी गप्प बसून राहिले, जशी मी काचेच्या अलीकडे बसते, पुढचा आवाज येतो का बघत. मग दुसरं आलं, खोल. मग थोडा वेळ काही नाही. मग "हं".

मी गाडीतून उतरले. भिंतीजवळ गेले. पलीकडून, वरून, अगदी माझ्या डोक्यापाशी आवाज आला, "कोण आहे घरात?" त्यात तक्रार नव्हती, घाई नव्हती. मी म्हटलं, "अप्पा?" तर तो आवाज उजळला. खरंच सांगते, उजळला, गेल्या कित्येक महिन्यांत मी तो तसा ऐकला नव्हता. "हां. मीच. उघड गं." आणि मी काय म्हणाले? शिट्टीला हाक मारली? रस्त्यावरच्या कोणाला ओरडून सांगितलं, या म्हाताऱ्या माणसाला धरा म्हणून? काही नाही. तोंडातून आपसूक निघालं, लहानपणापासून तिथे उभं राहून जे म्हणत आले तेच. "आले हं, थांबा तिथेच."

बोनेटवर चढले, झरोक्याला बोटं अडकवून वर ओढून घेतलं. जाळीतून त्यांचा माथा दिसला, विरळ केस, झोपेतून उठून न विंचरलेले, आणि हँडलवर ठेवलेला हात. पायात सपाता. त्यांच्या मागे फुटपाथ रिकामा, आणि फुटपाथाला लागून गाड्या, एकामागून एक, वेगात. पलीकडे औषधाच्या दुकानात गर्दी, सगळ्यांच्या पाठी इकडे. मी म्हटलं, "अप्पा, ऐका. हे दार नाहीय. तुम्ही उजवीकडे कोपऱ्यापर्यंत जा." ते म्हणाले, "दार नाही म्हणजे? दाराशीच तर उभा आहे." मी म्हटलं, "हे शोभेचं आहे अप्पा, मागे भिंत आहे." ते हसले. "भिंत आहे, मग तू कुठून बोलतेस?" मी जितकी बोलत होते तितकं ते दार खरं होत होतं. मी गप्प बसले तर ते घाबरतील, वळतील, पायरीवरून खाली, सपाता घसरून, गाड्यांत. बोलले तर ते थांबतील, पण मग मी इथून हलायचं कसं? एका भिंतीचं अंतर. त्यांच्या नखातली जुनी वंगणाची काळी रेघ मला दिसत होती. ती कधी गेलीच नाही, साबणाने नाही, कशाने नाही. शेवटी म्हटलं, "कडी जड आहे अप्पा, वेळ लागेल. हँडल सोडू नका, हलू नका." ते म्हणाले, "सावकाश काढ. मी आहे." आणि मी भिंतीकडे पाठ करून पळाले.

रॅम्पचं शटर गाडी आल्याशिवाय वर होत नाही, मी मुठींनी बडवलं, आग लागल्यासारखं बडवलं, ऐकायला कोणी नव्हतं. गाडीच काढावी हे तेव्हा सुचलंच नाही. लिफ्टपाशी गेले. लिफ्ट वरून येता येत नव्हती. बागेत एक जोडपं बाकावर बसून फोन बघत होतं, त्यांच्यामधून गेले. दुसऱ्या बाजूची लिफ्ट, लॉबी, कार्ड कुठे गेलं म्हणून पर्स उलटी केली, मग आठवलं की बाहेर पडायला कार्ड लागत नाही. अप्पाही असेच आले असणार, हसतमुखाने बटण दाबत. गेटवर शिट्टी नव्हता, त्याच्या खुर्चीवर डबा होता. गल्ली. भिंतीच्या कडेने ती गल्ली संपेचना. कानात सारखं खाकरणं येत होतं, कोरडं, खोल, हं, कोरडं, खोल, हं, आणि मला कळत नव्हतं की ते खरं आहे की नाही, आणि कळून उपयोगही नव्हता. ब्रेकचा मोठा आवाज आला, कुणीतरी शिवी दिली. मी देवाचं नाव घेतलं नाही, अप्पांचं घेतलं. कोपरा वळले.

ते तिथेच होते. पायरीवर, ताठ, हँडल धरून, जसं सांगितलं होतं तसे. माझा जीव भांड्यात पडला. भिंतीला धरून मी पायऱ्या चढले आणि धापा टाकत म्हटलं, "अप्पा."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ते हसू आलं. मी थांबले, ते जाईल म्हणून. "अप्पा, मी आले." ते तसंच राहिलं. सरकून त्यांनी मला पायरीवर जागा करून दिली. म्हणाले, "मशीन आणलंय का? जरा थांबावं लागेल तुम्हाला. मुलगी आहे आत, दार उघडतेय."

"अप्पा, मीच ती. आवाज ऐका ना माझा. मीच बोलत होते आतून."

त्यांनी मान कलती करून माझं ऐकलं, अगदी लक्ष देऊन. बिघडलेल्या मशीनचं चाक फिरवून ते असंच ऐकायचे. मग समजूत घालत म्हणाले, "नाही हो बाई. ती आत आहे. आत्ता माझ्याशी बोलली. मला माझ्या मुलीचा आवाज कळत नाही का?"

मी त्यांचा दंड धरला, "चला," म्हटलं, "आपण त्या बाजूने जाऊ." त्यांनी हात सोडवून घेतला आणि हँडल दोन्ही हातांनी धरलं. घाबरले होते ते. मला घाबरले होते. "हलू नका म्हणालीय ती," म्हणाले, "ती येते म्हणाली की येते. कडी जड आहे, लहान आहे अजून." मग मला वाईट वाटलं असेल असं त्यांना वाटलं बहुतेक, कारण हळूच म्हणाले, "तुम्ही पण थांबा. चहा घेऊन जा."

मी काय करणार होते? त्यांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून उभी राहिले. पाठीमागून गाड्या जात होत्या. दारातून काही आवाज येत नव्हता. मी घसा मोकळा केला, आणि अप्पांनी मान डोलावली, बाईंना रीत माहीत आहे म्हणून. उजेड कमी होत गेला, हँडलवरचे त्यांचे हात नीटसे दिसेनात. आणि मग दारावरचा गोल दिवा लागला.

"बघा," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना, "ऐकलंय तिने. आता उघडेल."